केफिरच्या वाट्या

"स्टीलच्या वाटीत देऊ नका म्हणून किती वेळा सांगायचं, काकू?"

"आणि वाटीतच देणार, हे मी किती वेळा सांगायचं?"

"त्याला धातू चालत नाही."

"कोण म्हणतं?"

"सगळीकडे लिहिलंय."

"लिहिणाऱ्याला म्हणावं, लखनौला ये आणि माझ्या बरणीत डोकावून बघ. राहायला त्याला काचच दिलीय मी. वाटीतून फक्त सासरी जायचंय. तेवढ्यानं काही जीव जात नाही त्याचा."

"पण माझ्याकडे कॉफीच्या रिकाम्या बरण्या पडल्यात, झाकणासकट! शेअर टेम्पोत सांडायची भीती नाही. तुमची ती वाटी, तिला प्लास्टिक बांधा, वरून रबर लावा, मग मी ती तीर्थप्रसादासारखी दोन्ही हातांत धरून निशातगंजपर्यंत बसणार. लोक पाया पडतील माझ्या."

"पडू देत. तेवढंच पुण्य."

"काकू, मी थट्टा करत नाहीये."

"बरणी कुणी परत करतं का, मुक्ते?"

हे वाक्य शुभदाकाकू ओट्याकडे तोंड करून बोलल्या. मुक्ताला त्यांची फक्त पाठ दिसत होती, आणि स्वेटरवरून ओढून घेतलेला पदर.

"आणि वाट्या करतात? आजवर एक तरी आली का परत?"

"येतील."

"कधी?"

"त्यांच्यावर नाव आहे," काकू म्हणाल्या. नाव असलेली वस्तू घर विसरत नाही, अशा खात्रीनं. मग त्यांनी वाटीला दुहेरी प्लास्टिक बांधलं, रबर लावलं, आणि ती मुक्ताच्या हातात दिली.

वाटीत दोन चमचे दूध होतं, आणि दुधात बुडालेले केफिरचे दाणे. फ्लॉवरचे अगदी बारके तुरे तोडून ठेवावेत तसे दिसणारे, पांढरे, बुळबुळीत, जिवंत. ते साध्या दुधात टाकले की दिवसभरात दूध आंबतं, दाटसर होतं, जिभेवर किंचित चुरचुरतं. मग दूध गाळून प्यायचं आणि दाणे पुन्हा ताज्या दुधात. रोज. दाणे वाढत जातात. महिन्याभरात दुप्पट होतात. म्हणजे ते कुणालातरी देणं आलंच.

ही वाटी निशातगंजच्या संपदासाठी होती. नवरा बँकेत, नुकतीच बदली, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. शहरातल्या मराठी बायकांपैकी एवढी एकच उरली होती जिला काकूंनी अजून वाटी दिली नव्हती.

शुभदा वर्तक देवरुखहून लग्न होऊन लखनौला आल्या तेव्हा त्यांना हिंदीत फक्त सिनेमातली वाक्यं येत होती. भाजीवाल्याशी घासाघीस करताना त्या इतकं अलंकारिक बोलायच्या की तो हात जोडून भाव कमी करायचा. नवरा, राजाराम वर्तक, इथल्या एका संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ. माणूस शांत. नेच्यांच्या पानांमागचे ठिपके भिंगातून बघण्यात त्यांचा जन्म गेला. इंदिरानगरात त्यांनी घर बांधलं, वर एक खोली काढली, पुढे दोन हात बाग आणि हिरवं फाटक. त्या फाटकाची कडी उघडताना 'टण्' असा आवाज यायचा. राजारामकाका तेल घालायचे, काकू म्हणायच्या, "राहू दे हो, कुणी आलं की कळतं."

आणि यायचे लोक. पापडाच्या लाट्या घेऊन यायचे, डब्यांतून पुरणाच्या पोळ्या न्यायला यायचे, मुलांच्या गणितासाठी यायचे. विरजणासाठी तर शेजारच्या तिवारीभाभी रोज: "बहनजी, ज़रा जामन होगा?" काकू चमचाभर दही वाटीत द्यायच्या. वाटी दुसऱ्या दिवशी यायची, आणि रिकामी कधीच नाही. कधी दोन लिंबं, कधी मूठभर मटार, काही नाही तर चिमूटभर साखर. रिकामं भांडं परत करू नये, ही रीत देवरुखला होती तशीच ती इथेही निघाली, याचं काकूंना पहिल्या वर्षी इतकं नवल वाटलं होतं की त्यांनी आईला पत्रात कळवलं होतं.

तिवारीभाभी मुलाकडे दिल्लीला गेल्या. त्यांच्या जागी चार मजली इमारत आली आणि तिथली माणसं दही पिशवीतून आणू लागली.

तरी संक्रांत होती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लखनौमधल्या मराठी बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला जायच्या. मानकनगरच्या रेल्वे कॉलनीतून, युनिव्हर्सिटीच्या क्वार्टर्समधून, जिथून असतील तिथून. काकूंच्या घरी दारात चपलांची गर्दी व्हायची. दरवर्षी वाण काय लुटायचं यावर त्या दिवाळीपासून विचार करायच्या. २०११च्या दिवाळीत त्यांनी ठरवलं: छोट्या स्टीलच्या वाट्या. निशातगंजमध्ये भांड्यांच्या दुकानात नाव घालायला बसलेला माणूस सुई लावलेलं यंत्र घेऊन विचारत होता, "आंटी, क्या लिखूँ?"

काकूंनी कागद दिला. सौ. शुभदा राजाराम वर्तक. संक्रांत २०१२.

"ये सौ क्या? सौ रुपये?"

"अरे नहीं भैया! सौ मतलब... सौभाग्यवती. सुहागन."

"अच्छा-अच्छा। तो पूरा लिख दूँ?"

"पूरा कशाला, जगह कहाँ है!" आणि काकू हसल्या होत्या. राजारामकाका बाजूला पिशवी धरून उभे होते, तेही हसले होते.

वाट्यांचं खोकं घरी आलं. डिसेंबरच्या धुक्यात एका सकाळी काका फिरायला गेले आणि घरी आणले गेले ते चादरीत गुंडाळून. हृदय थांबलं होतं.

पहिले तेरा दिवस घर भरलेलं होतं. वरणभाताचे डबे आले, रात्री सोबतीला बायका आल्या. संक्रांतीला कुणाचा फोन आला नाही तेव्हा काकूंना वाटलं, वर्ष झालं नाही ना अजून, म्हणून. पुढच्या संक्रांतीला त्यांनी मोतिया रंगाची साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवली. फोन जवळ ठेवला. रथसप्तमी झाल्यावर साडी परत कपाटात गेली. कुणी वाईट वागलं नव्हतं. मंडळाच्या गणपतीत सगळ्या प्रेमानं भेटायच्या, हात धरायच्या, "वहिनी, किती बारीक झालात" म्हणायच्या. हळदीकुंकवाचं मात्र कुणी बोलायचं नाही. काकूंनीही कधी विचारलं नाही. त्यांच्या स्वतःच्या भरल्या घरातल्या हळदीकुंकवालाही कुणा विधवेला बोलावल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मग कोणत्या तोंडानं विचारणार?

खोकं माळ्यावर गेलं.

मुक्ता भाडेकरू म्हणून वरच्या खोलीत आली ती २०१४ मध्ये. नाशिकची मुलगी, इथे पीएच.डी. करत होती. मेसच्या जेवणानं पोट बिघडलं म्हणून लॅबमधल्या सीनिअरकडून तिनं केफिरचे दाणे आणले, काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवले आणि दिवाळीला नाशिकला निघून गेली. चार दिवसांनी काकूंचा फोन.

"अगं, तुझं पनीर खराब झालंय. टाकून देऊ?"

"टाकू नका काकू! ते जिवंत आहे!"

काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय आहे?"

"जिवंत. त्याला दूध घाला. प्लीज."

"मुक्ते, माझ्या फ्रीजमध्ये तू काय ठेवून गेलीस?"

पण दूध घातलं. दह्याला घालतात तसंच: तापवून, करंगळी बुडवून पोळत नाही एवढं कोमट करून, वरून काकांच्या मफलरमध्ये गुंडाळून. आयुष्यभराची सवय. सकाळी बघतात तर बरणीत वर घट्ट लगदा, खाली पिवळट पाणी, आणि दाणे आंबटढोण होऊन आक्रसलेले. दही करणाऱ्या बाईचीच चूक होती ती. दह्याला ऊब लागते; ही जात थंडगार स्वभावाची. मुक्ता परत आली तेव्हा काकू बरणीसमोर अपराध्यासारख्या बसल्या होत्या. "मारलं गं मी त्याला. मायेनं मारलं."

मेलं नव्हतं. काकूंनी ते पुन्हा उभं केलं. दूध तापवायचं पण पूर्ण निवू द्यायचं, हे शिकल्या. मे महिन्यात, लखनौच्या लूच्या झळांत सकाळी घातलेलं दुपारच्या आत फाटतं, तेव्हा दाणे कमी आणि दूध जास्त, बरणी पाण्याच्या परातीत, अंगाला ओलं फडकं. जानेवारीत उलट, दाणे जास्त, आणि बरणी गव्हाच्या पिठाच्या डब्याशेजारी, जिथे स्वयंपाकघराची थोडी धग टिकते. झाकण कधी घट्ट लावायचं नाही. एकदा लावलं तर ते टोपी उडावी तसं उडालं आणि काकू देवाचं नाव घेत अंगणात पळाल्या. बरणीच्या तोंडावर जुन्या धोतराचा तुकडा आणि दोरा. दाणे नळाखाली धुवायचे नाहीत, अंगावरचा बुळबुळीतपणा हीच त्यांची तब्येत. आणि गाळायची वेळ घड्याळ सांगत नाही, बरणी सांगते: दुधात काचेलगत पाण्याची पहिली बारीक रेघ दिसली की लगेच. रेघेची नदी होऊ द्यायची नाही.

"दिसली रेघ?" मुक्ता जिन्यावरून विचारायची.

"अजून नाही. लाजतंय."

सकाळी दूध घालायला येणारा भैया विचारायचा, "आंटी, गोभी कैसी है आज?" काकू सांगायच्या, थोडी सुस्त है, ठंड लग गयी है. तो म्हणायचा, ध्यान रखिए. कितीतरी दिवस असे जायचे की मुक्ता लॅबमधून रात्री येईपर्यंत काकूंनी दिवसभरात बोललेलं एवढंच असायचं.

पुण्याहून निनादचा, मुलाचा, रविवारी फोन यायचा. लखनौत वाढलेला मुलगा. आईचं मराठी कळायचं, उत्तर हिंदीत.

"आई, आप यहाँ आ जाओ ना। अकेले क्या कर रही हो वहाँ?"

"अरे, केफिरला कोण बघेल?"

"यार आई, दही के लिए कौन रुकता है!"

"दही नाही ते."

"जो भी है। बरणी में डाल के ले आओ।"

"आणि तिकडे येऊन काय करू? तुम्ही दोघं सकाळी जाता ते रात्री उगवता. दहाव्या मजल्यावरून मी कुणाची वाट बघू? इथे निदान फाटक आहे."

निनाद हसायचा. त्याला हे आईचं काहीतरी बोलणं वाटायचं.

दाणे वाढले तसा प्रश्न आला, द्यायचे कुणाला. तेव्हा काकूंना माळ्यावरचं खोकं आठवलं. वाट्या अगदी मापाच्या. शिवाय प्रत्येकीवर नाव. दाणे द्यायचे, दाणे दुधात पडायचे, वाटी रिकामी व्हायची. आणि दुसऱ्याचं नाव असलेली वाटी घरात ठेवून कोण घेतं? ती द्यायला कुणीतरी येणार. रिकामी आणायची नाही म्हणून काहीतरी घालून आणणार. पाच मिनिटं बसणार. काकू चहा टाकणार. एवढा साधा हिशेब त्यांनी मांडला होता, आणि तो मुक्ताशिवाय कुणाला सांगितला नव्हता. मुक्तालाही सांगितला नव्हता, तिनं ओळखला.

मंडळाच्या दर कार्यक्रमाला काकू पिशवीतून एकदोन वाट्या नेत. "अय्या, किती छान!" म्हणत बायका घेत. आणि मग काहीच नाही. फाटक वाजलं की काकू पदर सारखा करत बाहेर यायच्या. कुरिअर असायचं. गॅसवाला असायचा.

आता मुक्ताचा प्रबंध झाला होता. फेब्रुवारीत ती हैदराबादला नोकरीवर जाणार होती. ती गेल्यावर या घरात कुणाची पावलं वाजणार, हा प्रश्न दोघींपैकी कुणीच तोंडातून काढत नव्हतं. त्याऐवजी त्या वाटी आणि बरणीवरून भांडत होत्या.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मुक्ता मानकनगरला प्रतिमाताईंच्या हळदीकुंकवाला गेली. प्रतिमाताई रेल्वेतल्या इंजिनिअरच्या पत्नी, मंडळाच्या कार्यवाह, सगळ्या कामाचा झपाटा असलेल्या. मुलींनाही आग्रहानं बोलावत. धुकं विरून लॉनवर छान ऊन पडलं होतं. मुक्ता खरं तर एका कामासाठी गेली होती: निदान एक तरी वाटी परत मागायची.

मागावी लागली नाही. टेबलावर तिळगूळ मांडला होता तो त्याच वाट्यांत. मुक्तानं एक उचलून काठ बघितला. सौ. शुभदा राजाराम वर्तक.

"प्रतिमाताई, या वाट्या..."

"वर्तकवहिनींचं वाण! गोड आहेत ना? माझ्याकडे तीन आहेत, त्यांनी तीनदा दिलं ते दह्याचं काहीतरी. या बाकीच्या शेजारणींकडून आणल्यात आज. सगळ्या एकसारख्या, टेबल छान दिसतं."

"वाण?"

"अगं, संक्रांत लिहिलंय की त्यावर."

"पण त्यांनी केफिर दिलं होतं तुम्हाला. वाटी परत यावी म्हणून..."

"वाण कुणी परत करतं का, वेडे? अपशकुन तो." प्रतिमाताईंनी आवाज खाली घेतला. "आम्ही समजलो गं. बिचाऱ्यांना आता हळदीकुंकू करता येत नाही. म्हणून दुधाच्या निमित्तानं वाण लुटतायत. आम्ही आपला मान ठेवला. कुणी चकार शब्द काढला नाही."

"आणि दाणे?"

"ते काय राहतात? पहिल्याच आठवड्यात वास यायला लागला, टाकले. त्यांना सांगू नको हं."

पलीकडे संपदा तिची वाटी हातात घेऊन कुणाला तरी दाखवत होती. "मलाही दिली परवा. इथे संक्रांतीच्या आधीच वाण द्यायची पद्धत आहे का हो?"

मुक्ताला ओरडावंसं वाटलं. काकूंना वाटीवरचं नाव दिसत होतं, या सगळ्यांना नावापुढची संक्रांत दिसली. ती फक्त एवढंच म्हणाली, "ताई, त्या वाट बघतात. वाटी द्यायला कुणी येईल म्हणून. खरंच बघतात. फाटक वाजलं की बाहेर येतात."

प्रतिमाताईंचा चेहरा बदलला. वाईट बाई नव्हतीच ती. "अगं बाई! मग बोलायचं ना. थांब, मी बघते."

घरी येऊन मुक्तानं काकूंना वाणाचं काही सांगितलं नाही. "प्रतिमाताई येणार आहेत वाटी द्यायला," एवढंच.

काकू भाजी चिरत होत्या. सुरी थांबली.

"घरी येणार?"

"हो."

"एकटीच?"

"बहुतेक. काकू, बाकीच्याही येतील बघा आता. एकेक करून."

"एकेक करूनच यावं," काकू म्हणाल्या. "एकदम आल्या की बोलणं होत नाही."

त्या आठवड्यात स्वयंपाकघरात काहीतरी चालू होतं. केफिरमध्ये तांदूळ-उडदाचं पीठ भिजवून अंबोळ्या करून बघितल्या. नुसतं प्यायला देताना त्यात खजूर घालावा की जिरेपूड, यावर मुक्ताचं मत तीनदा घेतलं. दोन वेळा रेघेची नदी झाली म्हणून काकू स्वतःवर चिडल्या. पडदे धुतले.

प्रतिमाताई आल्या त्या रथसप्तमी उलटल्यावर एका दुपारी. 'टण्' वाजलं. काकू नुकतंच गाळून बरणीवर पुन्हा दोरा बांधत होत्या. हात पुसून, पदर सारखा करून बाहेर गेल्या. फाटकाबाहेर गाडी चालूच होती.

"वहिनी, बसत नाही हं फार. गाडीला परत जायचंय."

"अगं, आत तर ये. मुक्ते, प्रतिमा आलीय!"

मुक्ता जिना उतरून आली तेव्हा प्रतिमाताई कापडी पिशवी टेबलावर उपडी करत होत्या. वाट्या. एकीत एक बसवलेल्या, दोऱ्यानं बांधलेल्या चळती. एक घरंगळून टेबलाच्या कडेला जाऊन थांबली. शेवटी तिळगुळाचा एक डबा.

"मुक्तानं सांगितलं म्हणून बरं झालं. ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी माझ्याकडेच आणून दिल्या. संपदानंसुद्धा. म्हटलं, प्रत्येकीला कशाला इतक्या लांबचा हेलपाटा! आणि रिकाम्या द्यायच्या नाहीत म्हणून तिळगूळ सगळ्यांतर्फे. मोजून घ्या हं."

काकूंनी मोजल्या नाहीत. घरंगळलेली वाटी उचलली आणि अंगठा काठावरून फिरवला.

"सगळ्या आल्या?"

"सगळ्या. एकसुद्धा राहिली नाही. सॉरी हं वहिनी, आम्हाला आपलं वाटलं, वाण आहे."

मुक्ता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तशीच उभी राहिली.

"वाण?" काकू म्हणाल्या. "मी कसं देईन वाण?"

"तसं नाही हो. संक्रांत होती ना त्यावर, म्हणून."

"हो, आहे." काकूंनी वाटी प्रकाशात धरून वाचली, पहिल्यांदाच वाचावी तशी. "बघ की. सौ. पण आहे. निशातगंजचा तो माणूस म्हणाला होता, पूरा लिख दूँ?" त्या जरा हसल्या. "बस ना. केफिर घेतेस पेलाभर? आज अगदी वेळेवर गाळलंय."

"नको हो, घसा धरलाय माझा."

"बरं. मग अंबोळी?"

"जेवून आलेय."

बाहेर ड्रायव्हरनं हलकेच हॉर्न दिला. प्रतिमाताई उठल्या. "तुम्ही या ना आमच्याकडे कधीतरी. एरवी कधीही या."

"थांब." काकू आत गेल्या. कपाटाचं दार, बरणी, चमच्याचा आवाज. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्याच वाट्यांपैकी एक होती, दुधानं अर्धी भरलेली, वर पांढरे दाणे तरंगणारे. त्यांनी ती प्रतिमाताईंच्या हातात ठेवली आणि आपला हात वाटीखालून काढला नाही.

"हे वाण नाही," काकू म्हणाल्या. "नीट ऐक. हे केफिर आहे. दूध पूर्ण गार करून घालायचं, पाण्याची रेघ दिसली की गाळायचं. वास आला तर टाकू नकोस, मला फोन कर. आंबट वास चांगलाच असतो. आणि वाटी मला परत हवी. तूच आणून द्यायची. दुसऱ्या कुणाबरोबर नाही."

"हो, वहिनी."

"मुक्ता जाणार आहे पुढच्या आठवड्यात."

"हो, म्हणाली ती."

"एरवी ये म्हणालीस. एरवी मी येईनच गं, एरवीचं काय." काकूंचा आवाज जराही वर गेला नव्हता. "पुढच्या संक्रांतीला बोलावशील? हळदीकुंकवाला. कुंकू नको लावूस. वाण नको देऊस. चपला मोजायला म्हणून दारात बसव हवं तर. पण फोन कर. शुभदा, ये, असं म्हण. म्हणशील?"

प्रतिमाताईंची नजर वाटीकडे गेली, तिथून वाट्यांच्या चळतींकडे, तिथून काकूंच्या कपाळाकडे, आणि तिथून झटकन खाली.

काकूंनी हात काढून घेतला.

हॉर्न पुन्हा वाजला. प्रतिमाताईंनी दुसऱ्या हातानं पर्स खांद्यावर ओढली. दारात एका पायावर तोल सावरत सँडल घातली. वाटीतलं दूध हिंदकळून बोटांवर आलं, ते त्यांनी पुसलं नाही. पायऱ्या उतरून, बागेतली फरशी ओलांडून, वाटी पोटाशी धरूनच त्या फाटकाबाहेर गेल्या, आणि मागे कडी 'टण्' करून पडली.